थायलंडच्या टेनिसपटूला मी दिलेले सल्ले

मी महाडला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. खेळाशी माझा संबंध वर्षातून एकदा, क्रीडादिनाच्या दिवशी, तोही लिंबू-चमच्याच्या शर्यतीला शिट्टी वाजवण्यापुरता. पळणं मला कधी जमलं नाही. एस.टी. सुटताना दिसली तर मी शांतपणे पुढच्या गाडीची वाट बघते. अशा मी चार-पाच वर्षं एका व्यावसायिक टेनिसपटूला पत्रांतून नियमित मार्गदर्शन केलं, असं कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. पण ते खरं आहे आणि गावात त्याचे साक्षीदार आहेत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दिवाळीनंतर मला पुण्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. सकाळची सत्रं बरी असायची. दुपारी प्रश्नपत्रिकेचा आराखडा कसा करावा यावर एक गृहस्थ बोलायचे आणि बोलता बोलता त्यांनाच झोप यायची. तिसऱ्या दिवशी डोकं दुखतंय सांगून मी बाहेर पडले. शेजारीच टेनिसची मैदानं होती आणि तिथे बायकांची कसलीशी लहान स्पर्धा चालू होती. तिकीट नव्हतं. बसायला बाक होते, वर पत्र्याची सावली होती. मी सावलीसाठी आत गेले, टेनिससाठी नाही.

प्रेक्षक तीन होते. मी, रखवालदार आणि खेळणाऱ्या दोघींपैकी एकीची आई. ती आई दर मिनिटाला वळून माझ्याकडे असं बघत होती, की जणू मी तिच्या घरात न विचारता शिरले आहे. म्हणून केवळ हट्टानं मी दुसऱ्या मुलीची बाजू घेतली. ती बुटकी, काटक, विशी ओलांडलेली मुलगी होती. मागच्या पाटीवर तिच्या नावापुढे थायलंड लिहिलेलं होतं. नियम मला ठाऊक नव्हते. पंच मधूनच 'लव्ह' म्हणायचे आणि मी उगाच पदर सावरायची. चेंडू जोरात मारला गेला की मी टाळ्या वाजवत होते.

थायलंडची मुलगी पहिला सेट हरली. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत, पाय आपटत तिनं पुढचे दोन्ही जिंकले. सामना संपल्यावर ती टॉवेल खांद्यावर टाकून थेट माझ्याकडे आली. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण अर्थ लख्ख.

"तुम्ही उद्या येणार?"

"येईन."

"या. पण मी चूक केली की टाळी नको."

दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं रोज दुपारी दुखू लागलं. ती पात्रता फेरीचे सगळे सामने जिंकली आणि मुख्य स्पर्धेतला पहिलाच हरली. तिच्याबरोबर प्रशिक्षक नव्हता, आई-बाप नव्हते, कुणीच नव्हतं. राहायच्या खोलीत ती बादलीत कपडे धुवायची, खिडकीला दोरी बांधून वाळत घालायची आणि स्पर्धा संपली की पुढच्या गावाची गाडी शोधायची. महिन्यातले तीन आठवडे तिचे असेच जात. मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी होते आणि पुण्याला एकटी आले याचंच मला केवढं कौतुक वाटत होतं.

शेवटच्या दिवशी तिला माझ्या खोलीवर जेवायला बोलावलं. जेवण म्हणजे खानावळीच्या चपात्या आणि घरून नेलेली सुकटीची चटणी. बाटलीचं झाकण उघडायला मी जरा संकोचत होते, कारण सुकटीच्या वासाबद्दल माझ्या पुण्याच्या मैत्रिणींनी मला पूर्वी बरंच ऐकवलं होतं. तिनं वास घेतला आणि डोळे मिटले.

"माझी आई हेच करते," ती म्हणाली. "फक्त तुमचं तिखट नाही."

महाडच्या चटणीला तिखट नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. बाटली तिला देऊन टाकली आणि आम्ही पत्ते लिहून घेतले.

महिन्याभरात पहिलं कार्ड आलं, इंडोनेशियाहून. त्यावर तीन वाक्यं होती. पाऊस खूप. मी पहिल्या फेरीत हरते. मी ठीक. कार्ड उघडंच असल्यामुळे ते माझ्याआधी आमच्या पोस्टमननं वाचलं. हे गृहस्थ जवळच्या तुडील गावचे. इंग्रजी दहावीपर्यंतचं, पण हरणं आणि जिंकणं कळण्याइतकं पक्कं. सायकलवरून उतरायच्या आधीच ते आळीच्या तोंडाशी ओरडले, "बाई, तुमची थायलंडवाली हरली हो." तेव्हापासून निकाल माझ्या हातात पडण्याआधी शेजारच्या चार घरांना कळत असे.

मी उत्तर लिहायला बसले आणि इथेच माझं बिघडलं. तीन वाक्यांना मी चार पानांचं उत्तर दिलं. आमच्या वाचनालयात खेळांच्या नियमांचं एक पुस्तक होतं आणि त्यात आट्यापाट्यांनंतर टेनिसला तीन पानं दिलेली होती. ती मी दोनदा वाचली. शिवाय घरी नुकतंच केबल आलं होतं. एवढ्या तयारीवर मी तिला कळवलं की तू नेटजवळ जात नाहीस, नेटजवळ जात जा. सर्व्हिस करताना घाई करतेस, मनात पाच अंक मोज. डावीकडे आलेला चेंडू तुला नीट मारता येत नाही, तोही उजव्या बाजूनंच मारावा. शेवटचा सल्ला चुकीचा नाही, चांगले खेळाडू तसं करतात, असं मला पुढे कळलं. फक्त त्यासाठी खूप पळावं लागतं, हे पुस्तकात नव्हतं.

पत्राच्या शेवटी कोकमाच्या सरबताची कृती दिली.

पुढच्या कार्डावर पुन्हा 'आय लूज' होतं. शिक्षिकेचा हात. मी त्याखाली लाल रेघ मारली, वर 'आय लॉस्ट' लिहिलं आणि ते कार्ड पाकिटात घालून तिला परत पाठवलं. पाकीट पेटीत पडलं तेव्हा भानावर आले, पण पेटीत हात जात नव्हता. महिन्याभरानं तिचं उत्तर आलं. 'आय लॉस्ट. थँक यू, टीचर.' त्यानंतर तिनं हा भूतकाळ कधी चुकवला नाही. त्याचा सरावही तिला भरपूर मिळाला.

आमचे हे तालुक्याच्या कचेरीत होते आणि बोलायचे कमी. माझं एक पत्र त्यांनी वजन करायला हातात घेतलं आणि विचारलं, "एवढं सगळं ती वाचत असेल?"

"वाचते म्हणून तर उत्तर देते ना."

"उत्तर तीन ओळींचं असतं."

"खेळाडूंना वेळ नसतो."

"तो तुझं वाचण्यात जात असेल," असं म्हणून ते तिकीट लावायला बसले.

मग एकदा खरंच 'आय वॉन' आलं. कुठल्याशा लहान गावातली लहान स्पर्धा, पण शेवटपर्यंत जिंकली होती. पोस्टमन त्या दिवशी सायकलची घंटा वाजवतच आले. मी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय जिंकली म्हणालात? विंबल्डन का?"

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. माझ्याही तोंडात पेढा होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणाले, "तसंच काहीतरी."

या दोन शब्दांना नंतर पाय फुटले. शाळेच्या वार्षिक अंकात माझा लेख आला आणि त्यात मी तिला जागतिक कीर्तीची खेळाडू म्हटलं. जगभर फिरते म्हणजे जागतिकच, असं मी स्वतःला पटवलं होतं. वस्तुस्थिती अशी होती की तिचा क्रमांक दोनशेच्या पलीकडे असायचा, कधी बराच पलीकडे. मोठ्या स्पर्धांच्या मुख्य फेरीत ती कधीच पोचली नव्हती. हे सगळं ती मला कार्डावर सरळ लिहायची. मी ते कपाटात ठेवायची.

नव्या शतकाची दोन-तीन वर्षं झाली असतील. जानेवारीत मुंबईला एक स्पर्धा होती आणि तिनं लिहिलं की लवकर हरले तर तुमच्याकडे येते. पोस्टमनमुळे ही बातमी मुख्याध्यापकांपर्यंत माझ्याआधी गेली. त्यांनी मला बोलावून घेतलं तेव्हा लेझीम पथक ठरलं होतं, शाल-श्रीफळ ठरलं होतं आणि फळ्यावर काय लिहायचं तेही. मी घरी आले आणि देवापुढे उभी राहिले. हरली तर मी उघडी पडणार, जिंकली तर ती येणार नाही. शेवटी तिच्यासाठी जिंकणंच मागितलं, पण माझा त्यात स्वार्थ होता हे देवाला कळलं असणार. दोन दिवसांनी फोन वाजला.

"टीचर, आय लॉस्ट. उद्या येते."

मी तिला आणायला महाडजवळच्या वीर स्टेशनला गेले. गाडीतून आधी पिशवी उतरली, तिच्याच उंचीची, आणि मग ती. मी बघितली होती त्यापेक्षा सुकलेली आणि उन्हानं काळवंडलेली. उजव्या मनगटाला जाड पट्टी होती. रिक्षात पिशवी मावेना म्हणून ती आम्हां दोघींच्या मांडीवर आडवी घेतली. दासगाव गेलं तरी मला बोलायला धीर होईना. मग म्हटलं, "शाळेत एक छोटा कार्यक्रम ठेवलाय."

"किती छोटा?"

"आठशे मुली."

ती पिशवीवर हनुवटी टेकून बाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या सामन्याला आठशे माणसं कधी नव्हती."

दुसऱ्या दिवशी लेझीम झालं, शाल झाली. मग मुख्याध्यापकांनी माइकवर जाहीर केलं की आता आपल्या पाहुण्या टेनिसचं प्रात्यक्षिक दाखवतील. शाळेत टेनिसचं मैदान नव्हतं. तांबड्या मातीच्या मैदानात व्हॉलीबॉलची जाळी खाली ओढून बांधली होती आणि फक्कीनं रेघा मारल्या होत्या. एकीकडे ती उभी राहिली. दुसरी बाजू रिकामी होती.

मुख्याध्यापक पुढे म्हणाले, "आणि त्यांच्या समोर, ज्यांनी अनेक वर्षं त्यांना मार्गदर्शन केलं, त्या आपल्या बाई."

मी साडी खोचून मैदानात गेले, कारण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. तिनं दुसरी रॅकेट माझ्या हातात दिली. ती लाटण्यापेक्षा जड आणि घमेल्यापेक्षा हलकी होती, त्यापलीकडे मला तिच्याबद्दल काही सांगता येणार नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा रॅकेट धरत होते. पहिला चेंडू कानाजवळून गेला. दुसरा मी बघितला, पण तो गेल्यावर. तिसऱ्याला मी हात फिरवला तेव्हा चेंडू मागच्या नळावर आपटून परत माझ्याकडे येत होता. मुली आधी अदबीनं गप्प होत्या. पाचव्या चेंडूपासून त्या हसायला लागल्या आणि मग थांबल्या नाहीत.

ती चेंडू उचलायला जाळीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, तुम्ही नेटजवळ येत नाही. नेटजवळ या."

मी आले.

"घाई करू नका. मनात पाच अंक मोजा."

तिचा चेहरा गंभीर होता, पण डोळे हसत होते. माझी चार-चार पानं तिनं खरंच वाचली होती. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं वाटलं आणि त्याच वेळी फार आनंदही झाला. मग तिनं पट्टी बांधलेल्या हातानं चेंडू इतका अलगद टाकला की तो माझ्या रॅकेटवर येऊन आपटला आणि आपणहून पलीकडे गेला. आठशे मुलींनी जो गलका केला, तो माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत पुन्हा ऐकला नाही.

त्यानंतर तिचं भाषण. ती इंग्रजीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार. ती माइकपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी मोठी स्पर्धा कधी जिंकले नाही. मी बहुतेक वेळा हरते. हात दुखतो. या वर्षी मी खेळणं थांबवणार आहे."

खेळणं थांबवणार हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, मुलींच्या बरोबरीनं. मी माइक घेतला आणि सांगितलं, "पाहुण्या म्हणतात, यशासाठी अखंड परिश्रम लागतात. कष्टाला पर्याय नाही. तुम्हीही आपल्या शाळेचं नाव उज्ज्वल करा."

तिला मराठी येत नव्हतं, पण मोजता येत होतं. तिनं मला विचारलं, "मी इतकं बोलले?"

पहिल्या रांगेत माझ्याच वर्गातल्या मुली बसल्या होत्या. त्यांना मी सहा वर्षं इंग्रजी शिकवत होते. त्यांतल्या तीन-चार जणी एकमेकींकडे बघत होत्या. माझं शिकवणं इतकंही वाया गेलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि त्याचा उपयोग झाला नाही. मी पुन्हा माइक घेतला.

"मी चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. "त्या म्हणाल्या, की त्या मोठी स्पर्धा कधी जिंकल्या नाहीत. बहुतेक वेळा हरतात. हात दुखतो, म्हणून या वर्षी थांबणार आहेत. विंबल्डनचं मी म्हटलं होतं. ते खरं नव्हतं."

मुख्याध्यापक शालीच्या रिकाम्या खोक्याकडे बघत होते. मग आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि इंग्रजीत, चुका करत पण न अडखळता, तिनं विचारलं की हरल्यावर तुम्ही काय करता.

ती जरा विचार करून म्हणाली, "कपडे धुते. मग पुढच्या गावाची गाडी बघते."

मुली हसल्या. मला भाषांतर करावं लागलं नाही. पुढे पाऊण तास त्या एकेक करून विचारत राहिल्या. एकटीला भीती वाटते का, आई ओरडत नाही का, परक्या गावात काय खाता. ती प्रत्येकीला उत्तर देत होती आणि मी बाजूला उभी होते. मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. तेवढं चालण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतल्या. "पाव्हणीला आमच्याकडं घिऊन या," असं त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. आम्ही एस.टी.नं पोलादपूरला गेलो, तिथून जीपनं आणि शेवटी चालत. चढावर ती पुढे गेली आणि मी दर वळणावर निसर्ग बघायला थांबत होते. वर पोचले तेव्हा ती ओट्यावर मावशींच्या सासूबाईंशेजारी बसून दूध पीत होती आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. गोठ्यातल्या म्हशी, मनगटाची पट्टी, सगळं बोटानं दाखवून चाललं होतं.

मला बघून म्हातारी म्हणाली, "बाय, ही काय काम करते गो?"

"टेनिस खेळते. चेंडू मारायचा खेळ."

"आनि त्याच्यावर पोट भरतंय?"

मी तिला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, "थोडं."

"थोडं भरतं म्हणते. आता हात दुखतोय म्हणून सोडणार आहे."

म्हातारीनं तिचा हात हातात घेऊन मनगट दाबून बघितलं. "दुखतंय तर सोडावं. काय लाज नाय त्याच्यात. मी पन लाकडाचा भारा आनायची, आता नाय आनत. पहिल्या वर्साला लई चुकल्यासारकं होतं. मंग सवय होते."

हे मी तिला सांगितलं. या वेळी जेवढं होतं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. मग तिनं डोळे पुसले आणि मावशींना विचारलं, की दूध आणखी आहे का. पुण्यापासून आजपर्यंत तिला रडताना मी बघितलं नव्हतं. मीही काही सल्ला दिला नाही. सुचला नाही हे खरं कारण, पण गप्प राहिले एवढं खरं.

मंगळवारी मी तिला वीरला गाडीत बसवून दिलं. जाताना तिनं दोन रॅकेट्स शाळेला दिल्या. त्या मी कपाटात कुलूपबंद ठेवणार होते, पण मुलींनी मागून घेतल्या. त्यांनी शाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारून मारून दोन वर्षांत एका रॅकेटची जाळी फाडली आणि प्रयोगशाळेच्या तीन काचा फोडल्या. त्यांतली कुणी टेनिसपटू झाली नाही. एक मुंबईला नर्स आहे, एक पोलिसात गेली. प्रश्न विचारणारी ती आठवीतली मुलगी पुढे एकटी नोकरीसाठी दुबईला गेली, तेव्हा तिची आई माझ्याकडे भांडायला आली होती.

त्या वर्षाअखेरीस थायलंडवालीनं खेळणं सोडलं. शेवटचा सामनाही ती हरली, तसं कार्ड आलं. पोस्टमननं या वेळी आळीच्या तोंडाशी ओरडून सांगितलं नाही. दारात येऊन कार्ड माझ्या हातात दिलं आणि पाणी मागितलं. त्यानंतर कार्डं विरळ झाली. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. पहिलं वर्ष म्हातारी म्हणाली तसं गेलं, असं तिनं एकदा लिहिलं होतं.

मग दोन-तीन वर्षांनी एका दुपारी तिचा फोन आला. तिच्या गावातल्या शाळेत ती खेळाची शिक्षिका म्हणून लागली होती. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.

"टीचर, एक विचारायचं होतं. वर्गात चाळीस मुलं आहेत. कुणी माझं ऐकत नाही. मी ओरडते, शिट्टी वाजवते. तुम्ही काय करता?"

ज्या एका विषयातलं मला खरंच काही कळत होतं, त्याबद्दल तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. इतकी वर्षं चार-चार पानं लिहिणारी मी फोन हातात धरून उभी राहिले. आमचे हे वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"काही करत नाही," मी म्हणाले. "गप्प उभी राहते. थोड्या वेळानं तेही गप्प होतात."

"नेहमी?"

"नाही. कधी कधी."

ती हसली. मागे मुलांचा गोंगाट ऐकू येत होता. मग तिकडे घंटा झाली आणि तिला तासाला जायचं होतं, म्हणून तिनं फोन ठेवला.